सीलाकँथच्या गुहेपाशी उतरण्याचा विचार असेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ४० मीटरपर्यंतच्या खोल डायव्हिंगचे प्रमाणपत्र आपल्याकडे आहे आणि साध्या हवेवर आपण तेवढ्या खोलीवर जाऊनही आला आहात. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सोडवाना बे येथे, समुद्रतळाच्या गुहांमध्ये, डायनासोरांच्याही आधीपासून चालत आलेल्या कुळातला सीलाकँथ हा माणसाएवढा मासा राहतो, असे आपण वाचले आणि तो प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा आपल्या मनात आली. आपण विचारता की तो समोर आला तर किती जवळ जावे, त्याच्यावर प्रकाश टाकावा का आणि तो अंगावर येईल का. मी बरीच वर्षे मिश्रवायूंवरचे खोल डायव्हिंग करतो आणि शिकवतो, सोडवानाच्या समुद्राखालच्या दऱ्यांच्या काठावरही उतरलो आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

आपले तिन्ही प्रश्न माशासमोर कसे वागावे याविषयीचे आहेत आणि त्यांची उत्तरे मी पुढे देणारच आहे. मात्र खरी अडचण त्याच्या अलीकडची आहे. आपले प्रमाणपत्र जिथे संपते तिथून तो मासा साधारणपणे आणखी साठ-सत्तर मीटर खाली असतो, आणि तेवढ्या खोलीवर माणसाची निर्णयशक्ती सर्वांत दुबळी झालेली असते. दुसऱ्या बाजूला, त्या गुहेत दिवसभर विसावलेल्या माशाकडे वाया घालवण्यासारखी शक्ती फारच थोडी असते. त्यामुळे मासा दिसल्याक्षणी उचंबळून आलेले आपले मन काय करायला लावील आणि त्याची किंमत आपल्याला व त्या माशाला काय पडेल, हा प्रश्न अंतर मोजण्याच्या प्रश्नाआधी सोडवावा लागतो.

या माशाची थोडी ओळख आवश्यक आहे, कारण त्याच्या राहणीवरूनच आपल्या वागण्याचे नियम ठरतात. सीलाकँथ कुळाचे जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या खडकांत सापडतात, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात हे कुळ संपले असे शास्त्रज्ञ मानत होते. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथील संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना कॅप्टन हेंड्रिक गूसेन यांच्या ट्रॉलरवर जाळ्यात आलेल्या माशांच्या ढिगात एक निळसर, जाड खवल्यांचा मासा दिसला. मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी तो ओळखला आणि त्याचे नाव लॅटिमेरिया चालुम्ने असे पडले. दुसरा मासा हाती लागायला १९५२ उजाडले आणि तो कोमोरो बेटांपाशी मिळाला. जर्मन संशोधक हान्स फ्रिके यांच्या पथकाने १९८७ मध्ये लहान पाणबुडीतून कोमोरोच्या पाण्यात हे मासे त्यांच्या घरी पाहिले व चित्रित केले. दिवसा हे मासे लाव्हाच्या कड्यांतील गुहांत एकत्र विसावतात आणि रात्री बाहेर पडून प्रवाहाबरोबर तरंगत शिकार शोधतात, हे त्यांच्याच निरीक्षणांतून स्पष्ट झाले.

सोडवानाचा भाग त्यानंतर सुरू होतो. २८ ऑक्टोबर २००० रोजी डायव्हर पीटर व्हेंटर यांना तिथल्या समुद्राखालच्या जेसर दरीत १०४ मीटरवर कड्याच्या कपारीखाली हे मासे दिसले, आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला त्यांच्या पथकाने पुन्हा उतरून त्यांचे चित्रीकरण केले. पुढे फ्रेंच छायाचित्रकार लोराँ बॅलेस्टा यांनी रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे यंत्र) वापरून १२० मीटरच्या आसपास या माशांची छायाचित्रे घेतली. म्हणजे डायव्हर तिथवर पोहोचू शकतो, हे सिद्ध झालेले आहे. आपल्या वाचनात बहुधा हाच भाग आला असावा. मात्र २७ नोव्हेंबरच्या त्याच डाइव्हमध्ये वर येताना पथकातील एकाची शुद्ध हरपली, आणि त्याला वाचवण्यासाठी त्याच्याबरोबर वेगाने वर आलेल्या साथीदाराचा मृत्यू झाला. मासे सापडले होते, चित्रीकरण झाले होते, आणि जे घडले ते परतीच्या वाटेवर घडले. विद्यार्थ्यांशी खोलीविषयी बोलताना मी हा प्रसंग नेहमी सांगतो. त्या माणसांच्या कौशल्याविषयी किंवा धैर्याविषयी मला यत्किंचितही शंका नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने तो प्रसंग मला गंभीर वाटतो.

मासा नक्की किती खोल असेल, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. सोडवानाच्या दऱ्यांमध्ये तो बहुतेक वेळा १०० मीटरच्या आसपास आणि त्याखाली दिसला आहे. २०१९ मध्ये त्याच प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर, उम्झुंबेजवळ, सुमारे ७० मीटरवर एक दिसला. इंडोनेशियात लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस ही दुसरी जात आहे, आणि २०२४ मध्ये उत्तर मालुकूच्या पाण्यात डायव्हरना ती सुमारे १४५ मीटरवर आढळली. कोमोरोतल्या गुहा याहूनही खोल, १८० ते २५० मीटरच्या पट्ट्यात आहेत. खोली ठरवण्यात दोन गोष्टींचा वाटा मोठा असतो. एक म्हणजे पाण्याचे तापमान, कारण या माशाचे रक्त थंड पाण्यातच प्राणवायू नीट धरून ठेवते, आणि त्याचे कल्लेही लहान असल्यामुळे उबदार पाण्यात त्याला श्वास पुरत नाही. दुसरी म्हणजे निवारा. जिथे कडा, कपार किंवा गुहा आहे आणि पाणी पुरेसे थंड आहे, तिथे तो दिवस काढतो. त्यामुळे कोणी आपल्याला ठरावीक खोली आणि ठरावीक गुहा सांगून मासा दाखवण्याची हमी देत असेल, तर त्या माणसाबरोबर पाण्यात उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खोलीचा हिशोब पाहू, कारण तो पाहिल्याशिवाय पुढचे नियम जाचक वाटतील. ११० मीटरवर एकूण दाब १२ बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या सुमारे बारा पट असतो. साधी हवा तिथे श्वासात घेतली तर प्राणवायूचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) २.५ बारच्या पुढे जातो. आपण प्रशिक्षणात १.४ बारची मर्यादा शिकला आहात, आणि तिच्या एवढे पलीकडे गेल्यावर कधीही झटके येऊ शकतात. पाण्याखाली झटका आला की श्वासासाठी वायू देणारा तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. नायट्रोजनची धुंदी त्या खोलीवर इतकी दाट असते की गेजवरचा आकडा दिसतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून हेलियम मिसळावा लागतो.

समजा, १० टक्के प्राणवायू, ७० टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन असे मिश्रण घेतले. प्राणवायूचा आंशिक दाब १.२ बारवर येतो आणि धुंदीही साधारणपणे पंचवीस मीटरवर हवा घेताना असते तेवढी उरते. पण याच मिश्रणाची घनता त्या खोलीवर लिटरला सुमारे ६.२ ग्रॅम होते, आणि आज आम्ही जी कमाल मर्यादा पाळतो तीही एवढीच आहे. हेलियम ७५ टक्के केला की घनता ५.६ वर उतरते, म्हणून मी तो पर्याय पसंत करतो. घनतेची एवढी काळजी कशासाठी, असे आपल्याला वाटेल. वायू जड झाला की श्वासाचे श्रम वाढतात, फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही, आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड धुंदी वाढवतो, घबराट आणतो आणि प्राणवायूच्या झटक्याचा धोकाही वाढवतो.

इथेच तो मासा या हिशोबात येतो. ज्याच्यासाठी माणसाने वर्षानुवर्षे तयारी केली, तो जीव कपारीत दिसला की श्वास आपोआप जलद होतो. चाळीस मीटरवर जलद श्वासाने टाकी लवकर संपते, एवढेच होते. एकशे दहा मीटरवर त्याच जलद श्वासातून वर सांगितलेली साखळी सुरू होते, आणि ती सुरू झाल्याचे त्या माणसाला स्वतःला कळतच नाही, कारण कळण्याची शक्तीच आधी जाते. म्हणून मी शिकवताना सांगतो की मासा दिसल्यावरची पहिली कृती म्हणजे हालचाल पूर्ण थांबवून सावकाश तीन श्वास पूर्ण बाहेर सोडणे आणि मगच हातातल्या यंत्रावरचे आकडे वाचणे. कॅमेऱ्याला हात त्यानंतर लावावा.

वायूच्या साठ्याविषयी एक हिशोब देऊन हा भाग संपवतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा माणूस ११० मीटरवर मिनिटाला २४० लिटर वायू वापरतो. पाठीवर १२ लिटरच्या दोन टाक्या २०० बार भरून घेतल्या तरी ४,८०० लिटर वायू होतो, म्हणजे अवघी वीस मिनिटे, आणि त्यातला मोठा भाग आणीबाणीसाठी राखून ठेवावा लागतो. म्हणून आज या खोलीवर जाणारे बहुतेक जण बंद परिपथाचा रीब्रीदर वापरतात. त्याचा माशालाही फायदा होतो, कारण बुडबुड्यांचा खळखळाट होत नाही आणि कपारीच्या छतावर आपटून गाळ खाली पडत नाही. तळाशी पंधरा-वीस मिनिटे घालवली की वर येताना दोन-तीन तासांचे, कधी त्याहूनही अधिक, डिकम्प्रेशनचे, म्हणजे शरीरात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडू देण्याचे, थांबे घ्यावे लागतात, आणि सोडवानाच्या बाहेर अगुल्हास प्रवाह त्या सगळ्या वेळात आपल्याला वाहून नेत असतो. होडी खुल्या किनाऱ्यावरून लाटा फोडून पाण्यात न्यावी लागते, आणि डर्बनसारखे मोठे शहर रस्त्याने कित्येक तास लांब आहे. काही बिघडले तर मदत लगेच मिळणार नाही, असे गृहीत धरूनच तिथल्या डाइव्हची आखणी करावी लागते.

आता गुहेपाशी येऊ. गुहा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर लांब बोगदा येत असेल. सोडवानाच्या दऱ्यांत मासे जिथे विसावतात त्या जागा पुष्कळदा कड्याच्या ओठाखालच्या रुंद कपारी आणि उथळ खोबणी असतात. त्यांचे तोंड मोठे असते, आत अंधार असतो, छतावर आणि कडेला स्पंज, काळी प्रवाळे व पंख्यासारखी नाजूक प्रवाळे वाढलेली असतात. तोंड रुंद असल्यामुळे आत शिरण्याचा मोह सहज होतो. माझा नियम असा आहे की डोके, हात, कॅमेरा यांपैकी काहीही छताच्या रेषेच्या आत जाऊ द्यायचे नाही. त्या खोलीवर डोक्यावर खडक असणे आणि वर दोन-तीन तासांचे डिकम्प्रेशन असणे ही दोन्ही ओझी एकाच वेळी घेण्याची काहीच गरज नसते. त्याशिवाय कपारीला वाट एकच असते. आपण तोंडाशी मध्यावर थांबलो की आतल्या माशाच्या दृष्टीने ती वाट बंद झालेली असते.

म्हणून जागा घेताना तोंडाच्या एका बाजूला, माशाच्याच पातळीवर राहावे आणि दरीच्या खोल बाजूकडे जाणारी वाट पूर्ण मोकळी ठेवावी. आपल्या पाठीमागे मोकळे पाणी असावे. प्रवाह कुठून येतो हे आधी पाहावे आणि तो कपारीवरून ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूला थांबावे, म्हणजे आपल्या पायांतल्या फिनने गाळ उठलाच तर तो आत न जाता बाहेर वाहून जातो. फिनची हालचाल बेडकासारखी, आडवी आणि लहान असावी. खडकाला हात लावून स्वतःला स्थिर करण्याची सवय असेल, तर ती आधी उथळ पाण्यात पूर्ण मोडून काढावी.

मासा ओळखणेही वाटते तितके सोपे नसते. त्याचा रंग गडद निळसर करडा असतो आणि अंगावर वेडेवाकडे पांढरे ठिपके असतात. कपारीच्या भिंतीवरही शिंपल्यांचे आणि स्पंजांचे पांढरे डाग असतात, त्यामुळे तो स्थिर असताना भिंतीचाच भाग वाटतो. मला पहिल्यांदा कळले ते त्याच्या डोळ्यामुळे. टॉर्चचा कडेचा प्रकाश पोहोचताच अंधारात एक मोठे गोल वर्तुळ उजळले आणि मग त्याभोवती हळूहळू माशाचा आकार उमटला. डोळ्याच्या मागे प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने असे होते. मग त्याची हालचाल दिसली. छातीचा डावा आणि पोटाचा उजवा पर एकत्र वळत होते, मग उजवा आणि डावा, आणि हे सगळे इतके सावकाश की शरीर जागचे हलत नव्हते. शेपटीच्या टोकाशी असलेला लहानसा मधला पर मात्र एकटाच इकडून तिकडे वळत राहिला होता. मांसल देठावर बसवलेले हे पर पाहिले की चार पायांच्या प्राण्यांशी या कुळाचे असलेले दूरचे नाते समजून घ्यायला पुस्तक लागत नाही. मात्र तो तळावर चालत नाही, हेही सांगतो, कारण तसा समज पुष्कळांचा असतो.

किती जवळ जावे, याचे एकच उत्तर देता येत नाही. कपारीचा आकार, प्रवाह, माशांची संख्या आणि पथकाचे कौशल्य यांवर ते ठरते. मी स्वतः तीन-चार मीटरच्या आत जात नाही, आणि एकाहून अधिक मासे असतील तर आणखी मागे राहतो. पहिल्या दोन मिनिटांत माझे लक्ष त्याच्या परांच्या लयीकडे असते. लय बदलली नाही, अंग वळले नाही, तर आपले अंतर त्याला चालते आहे असे मी मानतो. परांची गती वाढली, मासा आपल्याकडे पाठ करून आत सरकू लागला किंवा बाहेर पडण्यासाठी वळला, तर तिथेच थांबायचे आणि मागे यायचे. मागे आल्यावर तो शांत झाला तरी पुन्हा पुढे जायचे नाही. तो गुहा सोडून निघाला तर त्याच्यामागे एक हातही पोहायचे नाही, कारण तो बहुधा खाली जातो, आणि त्याच्यामागे जाणाऱ्या माणसाची आखलेली खोली पहिल्या काही सेकंदांतच मोडलेली असते.

प्रकाशाविषयी मी अधिक कडक आहे. या माशाची दृष्टी खोल पाण्यातल्या अंधुक निळ्या उजेडासाठी घडलेली आहे, आणि आपले आजचे दिवे विलक्षण प्रखर असतात. मुख्य टॉर्च सर्वांत मंद पातळीवर, रुंद झोतात ठेवावा आणि माशाच्या खालच्या खडकावर टाकावा, म्हणजे उडालेल्या उजेडात मासा पुरेसा दिसतो. झोत डोळ्यांवर टाकू नये. छायाचित्र घ्यायचेच असेल तर कमीत कमी फ्लॅश वापरावेत, आणि पथकातल्या एकानेच घ्यावीत. चौघांचे चार दिवे एकाच कपारीत रोखलेले मी पाहिले आहेत, आणि तसे होणार असेल तर डाइव्हच रद्द करावी या मताचा मी आहे.

तो अंगावर येईल का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. माणसावर चाल करून जाण्याची प्रवृत्ती या माशात दिसलेली नाही. त्याच्या तुंडात विजेचे सूक्ष्म संकेत ओळखणारे इंद्रिय आहे, तो कधीकधी डोके खाली करून उभा तरंगतो, आणि शिकार पकडताना शेपटीच्या एका फटक्यात झेपही घेऊ शकतो. पण हे सगळे रात्रीच्या लहानसहान भक्ष्यासाठी असते. भीती असलीच तर ती उलट दिशेने आहे. त्याचा चयापचय अत्यंत मंद आहे, आणि दिवसभरची विश्रांती हीच त्याची बचत असते. त्याच्या खवल्यांवरील वाढीच्या रेषा मोजून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो सुमारे शंभर वर्षे जगतो, वयाच्या चाळिशीनंतर किंवा त्याहूनही उशिरा प्रजननक्षम होतो, आणि मादी सुमारे पाच वर्षे पिल्ले पोटात वाढवते. ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते. सोडवानाच्या किनाऱ्यावरून ओळख पटलेल्या माशांची संख्या काही डझनांच्या घरात आहे. समोरची मादी गाभण आहे की नाही हे आपल्याला बाहेरून कळत नाही, म्हणून ती गाभण आहे असे समजूनच वागावे, हे मला योग्य वाटते.

पथकाच्या रचनेविषयीही थोडे सांगतो. मी दोघांना मासा पाहण्याची मोकळीक देतो आणि एकाला ती देत नाही. त्या एकाने माशाकडे पाठ फिरवायची नसते, पण त्याचे काम साथीदारांचे डोळे, श्वास, खोली आणि वेळ पाहणे एवढेच असते. त्याने अंगठा वर केला की चर्चा नाही, आणखी एक छायाचित्र नाही, सगळे निघतात. ही भूमिका कोणालाच आवडत नाही, म्हणून मी ती आळीपाळीने देतो आणि उथळ पाण्यातल्या सरावात आधी घोटवून घेतो. ज्याला ती भूमिका मनापासून जमत नाही, त्याला मी खाली नेत नाही.

आता आपण काय करावे, याविषयी. आपल्या आजच्या प्रमाणपत्रावर सीलाकँथच्या गुहेपर्यंत जाण्याचा कोणताही सुरक्षित मार्ग नाही. पुढची वाट अशी असते: आधी डिकम्प्रेशन डायव्हिंगचे प्राथमिक शिक्षण, मग ६० मीटरपर्यंतचे ट्रायमिक्स (वर सांगितलेले प्राणवायू, हेलियम आणि नायट्रोजनचे मिश्रण), मग रीब्रीदर आणि त्यावरचे कित्येक तास, आणि शेवटी १०० मीटरपर्यंतचे ट्रायमिक्स. लक्षात घ्या की अनेक संस्थांचे सर्वांत वरचे प्रमाणपत्रही १०० मीटरपाशी थांबते, आणि व्हेंटर यांना मासे दिसले ते १०४ मीटरवर. याला किती वर्षे लागतील ते आपल्या शरीरावर, सरावाच्या सातत्यावर आणि हाती येणाऱ्या समुद्रावर अवलंबून आहे. हृदयाच्या दोन कप्प्यांमधले जन्मजात छिद्र उघडे राहिले आहे का, ही तपासणी खोल डिकम्प्रेशनकडे वळण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून करून घ्यावी, असा माझा सल्ला आहे. परवानगीचाही भाग आहे. जेसर दरी इसिमांगालिसो या जागतिक वारसा क्षेत्राच्या संरक्षित पाण्यात येते आणि सीलाकँथ शोधण्यासाठी तिथे उतरायचे तर उद्यानाच्या व्यवस्थापनाची विशेष परवानगी लागते. ती सहज मिळत नाही, आणि तसेच असावे.

तोवर आपल्या मर्यादेत राहून याच वागण्याचा सराव करता येतो, आणि तो मी मनापासून सुचवतो. सीलाकँथइतक्या दुर्मीळ नसल्या तरी मोठ्या, शांत, गुहेत विसावणाऱ्या जीवांच्या भेटी त्याच किनाऱ्यावर उथळ पाण्यात होतात. डर्बनच्या दक्षिणेला अलिवाल शोल येथे हिवाळ्यात रॅगड-टूथ शार्क १८ ते ३० मीटरच्या गुहांत आणि कपारींत जमतात. उन्हाळ्यात गाभण माद्या सोडवानाच्या क्वार्टर माइल रीफवर येतात. हे शार्क पृष्ठभागावर हवा गिळून पोटात धरतात आणि त्या आधारावर जवळजवळ न हलता तरंगतात. कोणी फार जवळ गेला, वाट अडवली किंवा वरून अंगावर उतरला, तर शार्क झटक्यात वळतो आणि शेपटीचा असा आवाज होतो की तो छातीत जाणवतो. तो आवाज ऐकू आला तर आपले अंतर चुकले, एवढा सरळ धडा तिथे मिळतो. गुहेच्या तोंडाला बाजू घेणे, वाट मोकळी ठेवणे, झोत खाली ठेवणे, श्वास सावरणे आणि वेळ संपताच समोरचा जीव सोडून निघणे, या सगळ्याचा कस तिथे वीस मीटरवर लागतो, जिथे चुकीची भरपाई करायला वाव असतो. माझ्याकडे खोल डायव्हिंग शिकायला येणाऱ्यांना मी हेच पहिले काम देतो.

शेवटी छायाचित्रांविषयी, कारण आपण कॅमेऱ्याचाही उल्लेख केला होता. प्रत्येक सीलाकँथच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची रचना वेगळी असते आणि त्यावरूनच संशोधक तो तोच मासा आहे का हे ओळखतात. डाव्या आणि उजव्या बाजूचे ठिपके वेगवेगळे असल्यामुळे कोणत्या बाजूचे छायाचित्र आहे हे महत्त्वाचे ठरते. पुढे कधी आपल्याला ती भेट घडली, तर चेहऱ्याच्या जवळून घेतलेल्या दहा चित्रांपेक्षा लांबून घेतलेले, संपूर्ण कूस दिसणारे एक स्पष्ट चित्र अधिक उपयोगाचे आहे. त्याच्या जोडीला तारीख, वेळ, खोली, पाण्याचे तापमान, कपारीचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि किती मासे होते, एवढे लिहून ते उद्यानाच्या व्यवस्थापनाकडे आणि त्यांच्यामार्फत संशोधकांकडे द्यावे. नेमके ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये. आपण ट्रायमिक्सच्या वाटेला लागणार असाल, तर आजवरच्या खोल डाइव्हची नोंदवही आणि आपल्या श्वासाचा मोजलेला दर कळवावा, म्हणजे सुरुवात कोणत्या शिक्षणापासून करावी हे मला नेमके सांगता येईल.